कर्ज घराचे, मान एकटीची

बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीकडे येणाऱ्या बसगाड्यांतून खानापूर तालुक्यातील माणसे गोव्यात कामाला येतात, ह्यात नवे काही नाही. रंगारी, गवंडी, हॉटेलांतील आचारी ह्यांच्या रूपाने त्या तालुक्याचे श्रम गोव्याच्या घरादारांत कित्येक वर्षे मुरलेले आहेत. त्याच गाड्यांतून एखादी एकटी बाई उतरते, तिची दखल मात्र सहसा कोणी घेत नाही. नवरा गेला किंवा परागंदा झाला, मुले आजीपाशी ठेवली, आणि पोटासाठी म्हणण्यापेक्षा हप्त्यासाठी ती घराबाहेर पडली. अशा बाईचा हिशेब आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत. तो भावनेचा नाही, आकड्यांचा आहे. आणि आकडे ह्या बाबतीत भावनेपेक्षा अधिक बोलके आहेत.

उदाहरणासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. नवरा गोव्यात रंगकाम करून महिन्याकाठी १५ हजार रुपये घरी पाठवी. बायको गावात रोजंदारी करून ५ हजार मिळवी. घराचे मासिक उत्पन्न २० हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्याला तारणावाचून दिलेले कर्ज ते सूक्ष्म कर्ज, अशी रिझर्व्ह बँकेची व्याख्या १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. त्याच नियमावलीने आणखी एक मर्यादा घातली : घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. आमच्या ह्या घराला त्या हिशेबाने १० हजारांपर्यंतचे हप्ते झेपणारे. छप्पर नवे करण्यासाठी आणि दिराच्या लग्नासाठी दोन संस्थांकडून ५० हजारांची दोन कर्जे काढली. दसादशे २४ व्याज, मुदत दोन वर्षे. प्रत्येकी हप्ता सुमारे २,६४४ रुपये. दोन्हींचे मिळून ५,२८८. नियमाच्या मर्यादेत सारे बसले. दोन्ही कर्जे अर्थातच बायकोच्या नावावर, कारण ह्या संस्था बहुतांशी बायकांनाच कर्ज देतात. बाई पैसे बुडवीत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. ह्या एका सद्गुणावर त्यांचा सारा व्यवसाय उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

सात हप्ते गेले आणि नवरा दगावला. इस्पितळासाठी ऐनवेळी खाजगी सावकाराकडून ४० हजार उचललेले, व्याज शेकडा दरमहा पाच. संस्थांचे उरलेले १७ हप्ते म्हणजे सुमारे ९० हजार रुपये. घराचे उत्पन्न २० हजारांवरून ५ हजारांवर आले. रिझर्व्ह बँकेचाच निम्म्याचा नियम आज लावला, तर ह्या घराला अडीच हजारांहून अधिक हप्ता झेपत नाही. पण हप्ता आहे ५,२८८, आणि तो कमी होत नाही. कारण तो नियम कर्ज देण्याच्या दिवशी पाहावयाचा असतो. घर मोडण्याच्या दिवशी तो कोणी उघडून पाहत नाही.

म्हणून बाई गोव्यात येते. दोन घरची धुणीभांडी आणि संध्याकाळी एका खाणावळीत भाजी चिरणे, असे करून ११ हजार मिळवते. आता पाहा, ११ हजारांचे निम्मे साडेपाच हजार. हप्ता पुन्हा मर्यादेत बसला! नियम पुन्हा पाळला गेला, तो आईला मुलांपासून ५०-६० मैल दूर नेऊन. सावकाराचे नुसते व्याज २ हजार. उरले ३,७१२. त्यातून खोलीचे भाडे, तिचे स्वतःचे जेवण, आणि गावी आजीच्या हातावर ठेवायचे ते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २ हजार रुपये वेळेवर आले तर मुलांच्या दुधाची तरतूद होते. गोव्याची गृहआधार योजना किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा योजना तिच्या कामाची नाही, कारण त्यांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. थोरली मुलगी आठवीत आहे. तिची शाळा सुटणार की राहणार, हे ह्या ३,७१२ रुपयांवर ठरावयाचे आहे.

पुष्कळांना वाटते की ह्या प्रश्नाचे मूळ वसुलीच्या दांडगाईत आहे. दांडगाई आहे, ह्यात शंका नाही. २०२५ च्या आरंभी कर्नाटकात कर्जवसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या तेव्हा त्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. राज्यपालांनी एकदा परत पाठविलेला तो मसुदा पुन्हा सादर होऊन फेब्रुवारीत जारी झाला. छळ करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद. आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु आमच्या उदाहरणातील बाईच्या दारी कोणी दांडगा येतच नाही. तिच्या दारी येते ती शेजारीण. कर्ज गटाला दिलेले असते. एकीने हप्ता चुकविला तर बाकीच्यांनी तो भरावा, हा करार. ज्या शेजारणीने तेराव्यापर्यंत तिच्या चुलीवर भात शिजवला, तीच महिनाअखेरीस तोंड फिरवून विचारते, "गं, यंदाचं काय करतेस?" तिलाही तिचे घर आहे. ह्या प्रश्नाला कोणत्या कलमाखाली शिक्षा देणार?

रिझर्व्ह बँकेच्या नियमावलीने वसुलीची पुष्कळ पथ्ये सांगितली आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करू नये, नातलगांना त्रास देऊ नये, कर्जदाराचे नाव चारचौघांत जाहीर करू नये. आणि एक वाक्य असे आहे की ज्याकडे आम्हाला मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे : फेड करताना अडचणीत आलेले कर्जदार हुडकून काढण्याची, त्यांच्याशी बोलण्याची आणि त्यांना कोणता मार्ग मोकळा आहे हे सांगण्याची व्यवस्था प्रत्येक संस्थेपाशी असली पाहिजे. वाक्य चांगले आहे. पण नवरा वारला ही 'अडचण' आहे की नाही, आणि असेल तर हप्त्याचे काय व्हावे, हे तेथे लिहिलेले नाही. ते संस्थेच्या मर्जीवर सोडलेले आहे, आणि संस्थेचा वसुली अधिकारी हा स्वतः महिन्याच्या उद्दिष्टाखाली वाकलेला तरुण असतो. त्याच्याकडून मर्जीची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

आमची मागणी एवढीच आहे की ज्या मापाने कर्ज दिले त्याच मापाने ते पुन्हा मोजावे. घरातील मिळवता माणूस गेला की निम्म्याचा नियम नव्या उत्पन्नास लावावा, हप्ता त्या मर्यादेपर्यंत खाली आणावा आणि मुदत वाढवावी. मुद्दल बुडत नाही, माफी नाही, कोणाच्या तिजोरीला खिंडार पडत नाही. सरसकट माफीचे आणि वसुलीबंदीचे परिणाम काय होतात, ते २०१० मध्ये आंध्र प्रदेशाने पाहिले आहे. तेथील ऑक्टोबरच्या वटहुकूमानंतर वसुली ठप्प झाली, पाठोपाठ नवे कर्ज मिळणेही थांबले आणि सावकाराचे दार तेवढे उघडे राहिले. त्या अनुभवातून मालेगाम समितीचा २०११ चा अहवाल आला आणि सूक्ष्म कर्जाला व्याजाच्या मर्यादेसह नियम लाभले. २०२२ मध्ये ती मर्यादा उठली आणि दर ठरविण्याचे काम संस्थांच्या संचालक मंडळांकडे गेले. ते योग्य झाले की नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय.

विम्याची गोष्ट मात्र इथेच बोलली पाहिजे. बऱ्याच कर्जांतून विम्याचा हप्ता सुरुवातीलाच कापून घेतलेला असतो. तो विमा कर्जदार बाईचा एकटीचा की नवऱ्याचाही, हे बाईला ठाऊक नसते. पासबुकाच्या मागच्या पानावर बारीक टाइपात ते छापलेले असते आणि तेही तिच्या भाषेत असेल याची खात्री नाही. नवऱ्याचा विमा असूनही कोणी सांगितले नाही म्हणून हप्ते भरत राहावे लागणे, ही फसवणूक नव्हे तर काय?

येथवर बाईच्या नावावरील कर्जाची गोष्ट झाली. नवऱ्याच्या नावावरील देणे हे निराळे प्रकरण आहे, आणि तेथे तर अज्ञान हेच सावकाराचे भांडवल आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५० व्या कलमाप्रमाणे मृत ऋणकोचा वारस हा त्याच्याकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरताच जबाबदार असतो. नवऱ्याने मागे काही ठेवले नसेल, तर बायकोने स्वतःच्या घामाच्या पैशांतून त्याचे देणे फेडावे, असे कायदा म्हणत नाही. मुलाने बापाचे ऋण फेडणे हे पवित्र कर्तव्य, ही जुनी कल्पनाही २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरती संपुष्टात आणली. गोवेकर विधवेची स्थिती थोडी वेगळी. येथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी संहितेनुसार, वेगळा करार नसल्यास पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते. नवऱ्यामागे निम्मी तिची, पण संसारासाठी काढलेल्या कर्जाचा भारही त्या सामाईक मालमत्तेवर येतो. हा भेद न समजून घेता "तुमच्याकडे अर्धा वाटा आहे ना, मग अर्धे कर्ज तुमचेच" असे दरडावणारे कमी नाहीत.

सावकाराला हे सारे पक्के ठाऊक असते. म्हणूनच तो दुःखाच्या दिवसांतच येतो, सांत्वन करतो आणि जाताना एक कोरा कागद पुढे करतो : "नुसती आठवण म्हणून सही करा, वहिनी." त्या सहीने जे देणे तिचे नव्हते ते तिचे होते. सुतकातली ही सही आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महाग सही होय. गावच्या पंचायतीने, महिला मंडळाने, शाळेच्या मास्तरांनी दुसरे काही केले नाही तरी एवढे सांगावे : सहा महिने कशावरही सही करू नकोस.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा परक्या सरकारनेही १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करून न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. दामदुपटीचा नियम तर त्याहून जुना : एका वेळी मागावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक नसावे. आजचा सावकार त्यातूनही निसटतो, कारण तो व्याज साचू देत नाही. दरमहा २ हजार घेतो. २० महिन्यांत ४० हजार व्याज वसूल होते आणि ४० हजार मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. कर्नाटकात जबर व्याजाला बंदी करणारा २००४ चा कायदा आहे. त्याचा आधार घ्यायला बाईने तालुक्याला जायचे, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची.

ज्या बायकांचे नवरे मेलेले नाहीत, नुसते निघून गेले आहेत, त्यांची दशा ह्याहून वाईट. परित्यक्तेपाशी मृत्यूचा दाखला नसतो. त्यामुळे विमा नाही आणि विधवेचे साहाय्यही नाही. सात वर्षे ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मृत मानू शकतो, पण हप्ता सात वर्षे थांबत नाही. पोटगीसाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली अर्ज करता येतो; ज्याचा पत्ताच नाही त्याच्यावर समन्स कोठे बजावायचे? अशा बाईसाठी पंचायतीचा पंचनामा किंवा पोलिसांतील बेपत्ता नोंद पुरेशी मानली जावी. एकट्या बापांचीही घरे आहेत आणि त्यांचे ओझे हलके नाही. परंतु गटाच्या कर्जावर सही त्यांची नसते, आणि मजुरीचा बाजार त्यांना बाईपेक्षा अधिक दाम देतो.

प्रत्येक राज्यात बँकांची राज्यस्तरीय समिती दर तिमाहीस भरते. गोव्याच्या आणि कर्नाटकाच्या समित्यांनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि त्या बाईच्या श्रमावर आपली घरे लख्ख ठेवणाऱ्या आपणा गोवेकरांनी त्याचा आग्रह धरावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. तो दाखला शाखेत पोहोचताच तोच हप्ता फेरमोजणीचा अर्ज समजावा, तीन महिने वसुली थांबवावी, विमा असल्यास संस्थेने स्वतः दावा दाखल करावा, आणि त्या काळात गटातील इतर बायकांकडून तिचा हप्ता मागू नये. ह्याला नवा कायदा लागत नाही, वटहुकूमही लागत नाही. एक परिपत्रक पुरे आहे.