चौकटीतला चेहरा आणि चौकटीबाहेरचे चेहरे

वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या सभागृहात गेले, की भिंतीवर ओळीने लावलेल्या तसबिरी दिसतात. संस्थापक, देणगीदार, डॉ. पंजाबराव देशमुख, गाडगेबाबा. जयंतीला आणि पुण्यतिथीला हार चढतात. एरवी पंख्याची हवा आणि धूळ. तसबीर कोणाची, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कोणीही सांगेल. ती रंगवली कोणी, हे मात्र सहसा कोणालाच सांगता येत नाही. सही बहुधा चौकटीच्या लाकडाखाली गेलेली असते.

मराठीच्या वर्गात आपण ‘व्यक्तिचित्र’ हा वाङ्मयप्रकार शिकवतो. ‘माणदेशी माणसं’ आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’ यांची नावे घेतो. पण हा शब्द ज्या कलेतून आला, तिच्याकडे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. व्यंकटेश माडगूळकर स्वतः उत्तम रेखाटने करीत, ही गोष्टही आपण तळटीपेसारखी सांगून पुढे जातो. चित्रकलेतल्या व्यक्तिचित्राविषयी आपला एक ठरीव समज आहे: ते कौशल्य आहे, कला नव्हे, ते पैसे देणाऱ्याची मर्जी सांभाळते, आणि छायाचित्र आल्यावर त्याचे काम संपले. हा समज तपासून पाहावा, असे मला वासुदेव कामत यांच्या कारकिर्दीकडे पाहताना पुन:पुन्हा वाटत आले आहे.

कामतांचा जन्म १९५६ साली कर्नाटकातल्या कार्कळचा, पण जडणघडण मुंबईतली. १९७७ साली ते सर ज. जी. कला शाळेतून बाहेर पडले. तो काळ यथार्थदर्शी चित्रकाराला अनुकूल नव्हता. प्रतिष्ठा अमूर्ताला आणि प्रयोगाला होती. माणसासारखा माणूस काढणारा चित्रकार मागासलेला ठरत असे. कामतांनी आपली वाट बदलली नाही. व्यक्तिचित्रे, रामायण, बुद्धचरित्र, कालिदासाचे मेघदूत असे विषय घेऊन ते काम करीत राहिले. बॉम्बे आर्ट सोसायटी या १८८८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड प्राइझ हा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२५ साली पद्मश्री.

यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट पुरस्काराची नाही, चित्राच्या विषयाची आहे. अमेरिकेत गौरवलेले ते चित्र कोणा उद्योगपतीचे किंवा मंत्र्याचे नव्हते. ते त्यांच्या पत्नीचे होते. चित्राचे नावही तेवढेच साधे: ‘माझी पत्नी’.

आपल्या परंपरेत हे पहिल्यांदा घडले असेही नाही. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांनी मोठ्या लोकांची असंख्य व्यक्तिचित्रे केली. पण ते लोकांच्या मनात राहिले ते हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या एका मुलीच्या जलरंगातल्या चित्रामुळे. १९४५-४६च्या सुमाराचे हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि त्यातली मुलगी म्हणजे हळदणकरांची कन्या गीता. दैवदुर्विलास असा, की हे चित्र अनेक जण आजही राजा रविवर्म्याचे म्हणून एकमेकांना दाखवतात. चौकटीखाली गेलेली सही ती हीच. सुहास बहुळकर या व्यक्तिचित्रकाराने स्वतःचा कुंचला बाजूला ठेवून ‘दृश्यकला’ खंडाच्या संपादनासाठी आणि गोपाळ देऊसकरांच्या चरित्रासाठी एवढी वर्षे का द्यावीत, याचे उत्तर या विस्मृतीत आहे.

दरबारी आणि फर्मायशी चित्रांवर हात बसलेल्या या चित्रकारांची नजर खरी स्थिरावली ती घरातल्या माणसावर. कारण उघड आहे. मोठ्या माणसाचे चित्र काढताना त्याची मोठेपणाची साधनेही काढावी लागतात: पगडी, उपरणे, पदक, ग्रंथ. हळूहळू साधनेच बोलू लागतात आणि चेहरा गप्प होतो. गाडगेबाबांचेच पाहा. १९५६ साली ते गेले. आज भिंतींवर त्यांची जी चित्रे दिसतात, त्यांत खराटा आणि गाडगे एवढे पुरेसे असते. चेहरा कोणाचाही चालतो. ज्या माणसाने आयुष्यभर देवाच्या तसबिरीपेक्षा समोरच्या माणसाकडे पाहा असे सांगितले, त्याचीच आपण तसबीर केली. प्रतीक आणि व्यक्तिचित्र यांत फरक तो हाच. प्रतीक ओळखायला एक क्षण पुरतो, व्यक्तिचित्रापुढे थांबावे लागते.

छायाचित्र आल्यावर रंगवलेल्या चेहऱ्याची गरज काय, या आक्षेपाचे उत्तरही या थांबण्यातच आहे. कॅमेरा क्षण टिपतो. चित्रकार समोरच्या माणसाबरोबर तासन्तास बसतो. त्या वेळात माणूस थकतो, सावरतो, आपला चेहरा सांभाळायचे विसरतो. ते सगळे मिळून एक चेहरा होतो. चांगल्या व्यक्तिचित्रात काळ साठलेला असतो, आणि म्हणूनच ते कथेच्या जवळचे आहे.

कामतांविषयी माझी एक तक्रारही नोंदवली पाहिजे. त्यांच्या पौराणिक चित्रांत प्रत्येक चेहरा प्रसन्न आणि निर्दोष होतो, तिथे मला ते आपल्या सामर्थ्यापासून दूर गेल्यासारखे वाटतात. ज्या नजरेने पत्नीचे चित्र काढले, ती नजर आणखी बाहेर, घराच्या उंबऱ्यापलीकडे जायला हवी होती.

ती कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण आयर्लंडच्या उत्तर भागात सापडते. १९६८ साली जन्मलेले बेलफास्टचे चित्रकार कॉलिन डेव्हिडसन यांनी कवी शेमस हीनी यांना रंगवले, इंग्लंडच्या राणीलाही रंगवले. पण २०१५ साली अल्स्टर म्युझियममध्ये त्यांनी मांडलेली १८ व्यक्तिचित्रे वेगळीच होती. तिथल्या दीर्घ हिंसाचारात ज्यांनी आपले माणूस गमावले किंवा ज्यांच्या आयुष्यावर त्याचा घाव राहिला, अशा सामान्य लोकांचे ते मोठाले चेहरे. त्यांत बॉम्ब नाही, रक्त नाही. राणीला जेवढी जागा मिळते, तेवढीच त्या चेहऱ्यांना मिळाली आहे.

आता आपल्याकडे पाहू. कामतांना पुरस्कार मिळाला त्याच २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत अमरावती होते, अकोलाही होते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरात भिंतीवर एक फोटो असतो. बहुधा ओळखपत्राचा किंवा लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, म्हणून कडा विरलेल्या. त्याच्याखाली बसलेल्या बाईचा चेहरा वर्तमानपत्रात येतो तो डोक्यावरच्या पदरासह, ‘विधवा’ या एका शब्दाखाली. तिचेही प्रतीक झालेले आहे: तिचा पदर म्हणजे तिचा खराटा.

आपल्या साहित्याने हे प्रतीक फोडण्याचा प्रयत्न फार आधी केला. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली कौतिक १९६० साली आली; ती कोणत्याही वर्गाची प्रतिनिधी होण्याआधी कौतिक आहे. लेखक तिच्याजवळ थांबला, म्हणून ती आजही ओळखू येते. चित्रकलेत वऱ्हाडची कौतिक अजून यायची आहे. कौशल्य आपल्याकडे आहे, हे कामतांच्या कारकिर्दीने सिद्ध केले. उणीव आहे ती कोणासमोर बसायचे, या निर्णयाची.

म्हणून शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी व्यक्तिचित्र शिकवताना विद्यार्थ्यांना सभागृहात न्यावे आणि तसबिरीखालची सही शोधायला सांगावी. मग घरी जाऊन आईसमोर तासभर बसायला सांगावे, काही न लिहिता. निबंध त्यानंतर.