संगणकाशी गट्टी : भिंतसुद्धा दिवा असते!

दोस्तांनो, गेल्या महिन्यात वसमतहून एका मैत्रिणीचं पत्र आलं. हिंगोली जिल्ह्यातलं वसमत, हळदीच्या बाजारासाठी नावाजलेलं. मैत्रीण नववीत आहे. तिने लिहिलं होतं :

‘आजीचं माळवदाचं जुनं घर यंदा पाडायचं ठरलंय. तिथे स्लॅबचं घर होणार. आजी कुणाला काही म्हणत नाही, पण येता-जाता भिंतीवरून हात फिरवते. म्हणून मी दादाच्या संगणकावर तिची आतली खोली बनवली. सगळी मापं टेपने घेतली. पण चित्र दाखवल्यावर आजी म्हणाली, “हे कुणाचं घर गं?” माझं काय चुकलं?’

सोबत चित्रही होतं. लाकडी खांब, तुळया, भिंतीतली देवळी, मडक्यांची उतरंड, कोपऱ्यात हळदीची रास, सगळं जागच्या जागी! तिने हे ब्लेंडर नावाच्या, फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर केलं होतं. मापात कुठेही चूक नव्हती. चूक होती ती उजेडात.

झालं होतं असं. तिने छताच्या मधोमध एक दिवा टांगला. त्याने खोलीचा मधला भाग लखलखला आणि कोपरे काळेकुट्ट झाले. मग तिने सगळीकडे सारखाच उजेड पसरवणारी सोय चालू केली. काळोख पळाला, पण त्याच्याबरोबर सावल्याही पळाल्या. उतरंड जमिनीपासून बोटभर वर तरंगतेय असं वाटायला लागलं. आजी ते घर ओळखणार कशी?

आता एक कोडं घाला स्वतःला. दुपारी खोलीत ऊन कुठे पडतं? खिडकीसमोर, चतकोर भाकरीएवढ्या जागेत. मग पलंगाखाली सरकलेली चप्पल आपल्याला दिसते तरी कशी? ऊन तर तिथवर पोचतच नाही!

उत्तर सोपं आहे. उजेड चेंडूसारखा टप्पे खातो. ऊन जमिनीवर पडतं, तिथून उसळून भिंतीवर जातं, भिंतीवरून छतावर आणि छतावरून पुन्हा खाली येतं. चुन्याने नुकतीच रंगवलेली पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण ८० टक्के परत फेकते. म्हणजे १०० भाग उजेड आला, तर पहिल्या टप्प्यानंतर ८० उरले, दुसऱ्यानंतर ६४, तिसऱ्यानंतर ५१. तीन टप्पे खाऊनही निम्मा शिल्लक! आता चुलीमागची काजळलेली भिंत घ्या. समजा, ती १० टक्केच परत देते. मग १०० चे १० होतात आणि १० चा १. खेळ खलास! म्हणून तर एकच खिडकी असली, तरी चुना दिलेली खोली उजळ दिसते आणि धुराने काळवंडलेली अंधारी वाटते.

आणि गंमत म्हणजे उजेड परत जाताना भिंतीचा रंगही थोडा घेऊन जातो. वसमतच्या दोस्तांना हे सांगायलाच नको. उन्हात हळदीची रास पडलेली असली, की शेजारची पांढरी भिंत खालच्या बाजूला पिवळसर दिसते. कुणी तिला हळद लावलेली नसते बरं का! हळदीवर पडलेलं ऊन पिवळं होऊन भिंतीवर गेलेलं असतं.

संगणकाला हे शिकवायला शास्त्रज्ञांना बराच घाम गाळावा लागला. १९८४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी एक साधं खोकं घेतलं. त्याच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना वेगवेगळे रंग दिले, बाकीच्या पांढऱ्या ठेवल्या. पांढऱ्या भागावर शेजारच्या रंगाची झाक कशी उतरते, याचं त्यांनी संगणकाकडून गणित करून घेतलं. ‘कॉर्नेल बॉक्स’ म्हणून ते खोकं आजही प्रसिद्ध आहे. १९८६ साली जेम्स कजिया यांनी उजेडाच्या सगळ्या टप्प्यांचा हिशेब एकाच समीकरणात मांडला. ते समीकरण सोडवायची त्यांची युक्ती अशी : चित्रातल्या एकेका ठिपक्यामागे कितीतरी किरण सोडायचे, त्यांना वाटेल तसे टप्पे खाऊ द्यायचे आणि शेवटी सरासरी काढायची. नाणं दहादा उडवलं तर छापा-काटा निम्मे-निम्मे येतीलच असं नाही, हजारदा उडवलं तर जवळपास येतात. तसंच इथे. किरण कमी सोडले तर चित्र रव्यासारखं खरखरीत दिसतं. ही खरखर निम्मी करायची, तर किरण मात्र चौपट लागतात!

म्हणूनच १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’त हे सगळे टप्पे मोजणं परवडणारं नव्हतं. तिथले कलाकार उसळलेल्या उजेडाच्या जागी अंदाजाने छोटे छोटे खोटे दिवे ठेवत. ‘टॉय स्टोरी’ काढणाऱ्या पिक्सार कंपनीने २०१३ च्या ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’त टप्प्यांचा हिशेब संगणकावर सोपवला. आज तेच काम आपला ब्लेंडर घरच्या संगणकावर करतो. वेळ लागतो एवढंच.

पण संगणक नव्हता तेव्हा काय? तेव्हा डोळे होते! सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं एक जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली एक स्त्री, दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केलेला. चित्रात दिवा एकच, पण बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड, चेहऱ्यावरचं तेज आणि अंधारात विरत जाणारा पदर पाहिला, की वाटतं, चित्राच्या मागेच कुणीतरी दिवा लावलाय. त्यासाठी मुलीला समोर उभं करून हळदणकरांनी आधी नीट पाहिलं होतं.

आपल्या मैत्रिणीलाही मी तेच कळवलं : घर अजून उभं आहे ना? मग संगणक बंद कर आणि वही घेऊन खोलीत जाऊन बस. उजेड कुठून येतो ते आधी लिही. दाराचा किती, खिडकीचा किती, छतातल्या झरोक्याचा किती? छताला टांगलेला खोटा दिवा काढून टाक. सारखा उजेड देणारी सोयही बंद कर. सूर्य बाहेर ठेव आणि त्याला दारातून आत येऊ दे. भिंतीचा पांढरा रंग पुरता शंभर टक्के ठेवू नकोस, तसा पांढरा जगात कुठे नसतो. ८० च्या आसपास ठेव. आणि सावल्यांना घाबरू नकोस. मडक्याच्या बुडाशी काळी रेघ असली, तरच मडकं जमिनीवर टेकतं.

तुम्हालाही हे करून पाहायचंय? बुटांचा रिकामा खोका घ्या. आतून सगळीकडे पांढरा कागद लावा, फक्त एका बाजूला हळदीच्या रंगाचा. झाकणाला त्या बाजूजवळ एक भोक पाडा आणि समोरच्या बाजूला आत डोकावण्यापुरतं दुसरं. खोली अंधारी करून पहिल्या भोकातून बॅटरीचा झोत पिवळ्या कागदावर टाका आणि पांढऱ्या बाजूंकडे पाहा. मग पिवळ्याच्या जागी काळा कागद लावून पुन्हा पाहा. काय फरक पडला, ते मला कळवा. आईबाबांनाही डोकवायला सांगा हं, मजा एकट्याने नाही घ्यायची!

हो, वसमतचं काय झालं ते राहिलंच. परवा दुसरं पत्र आलं. मैत्रिणीने चार दिवस खोलीत बसून वही भरली आणि नवं चित्र केलं. संगणकाला ते काढायला अख्खी रात्र लागली. दारातून आलेला उन्हाचा पट्टा, सारवलेल्या जमिनीची तांबूस झाक, हळदीजवळ पिवळी पडलेली भिंत, देवळीत दाटलेला अंधार. आजीने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. मग पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, “दहा वाजल्यात बघ. या टायमाला मी इथंच बसून ज्वारी निवडत असते.”

मैत्रिणीने वही उघडून पाहिली. त्या पानावर वेळ लिहिली होती, दहा वाजून पाच मिनिटं.

घर पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. संध्याकाळची आणि कंदिलाच्या उजेडातली अशी दोन चित्रं तिला अजून करायची आहेत. घाई आहे, म्हणून तिने पत्रही एवढंसंच लिहिलंय.

तुमच्याही घरात, आजोळी असा एखादा कोपरा असेल. कुठल्या वेळी तिथे उजेड कसा असतो, ते पाहून ठेवा. भेटूच पुढच्या अंकात!