शस्त्रक्रिया केव्हा हिताची?

जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झाले की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘ऑपरेशन करून एकदाचे काढून टाकता येईल ना?’ पैशाची तजवीज करू, हवे तर मुंबईला नेऊ, पण ते काढा, असा आग्रह असतो. त्यामागील माया समजण्यासारखी आहे. परंतु रोग मूळ जागेपासून दूर गेला असेल, तर हा आग्रह कितपत हिताचा, याचा विचार सबुरीने करावयास हवा.

प्रसार सर्वांत सारखा नसतो. १९९५ साली हेलमन व वाइकसेलबाउम या अमेरिकी डॉक्टरांनी ‘मर्यादित प्रसारा’ची कल्पना मांडली. काही रुग्णांत रोग सर्वत्र न फैलावता मोजक्या ठिकाणीच थांबलेला असतो. या दोन कर्करोगांसाठी युरोपीय तज्ज्ञांनी त्याची मर्यादा साधारणतः अशी आखली आहे: एकाच अवयवात तीनपर्यंत गाठी, किंवा दूरच्या लसिका ग्रंथींच्या एकाच समूहात प्रसार.

अशा रुग्णांना आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करावी का? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात मर्यादित प्रसाराचे ६० रुग्ण होते. केमोथेरपीनंतर त्यांपैकी ३६ जणांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे ज्या काळापर्यंत निम्मे रुग्ण हयात होते तो काळ, ३१.३ महिने भरले, इतरांचे १५.९ महिने. आकडे आशादायक होते, पण शस्त्रक्रियेसाठी निवडले गेले ते औषधाला चांगला प्रतिसाद देणारेच. नियमित हप्ते भरणाऱ्यांनाच वाढीव कर्ज द्यावे आणि वाढीव कर्जामुळेच ते हप्ते भरतात असे म्हणावे, तशातला हा प्रकार.

म्हणून जर्मनीतच ‘रेनेसान्स’ नावाची चाचणी झाली. केमोथेरपीनंतर रोग न वाढलेल्या १३९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली गेली. २०२४ साली निष्कर्ष मांडले गेले: शस्त्रक्रियेच्या गटाचे मध्यक आयुर्मान १६ महिने, केवळ केमोथेरपीच्या गटाचे २३ महिने! केवळ दूरच्या लसिका ग्रंथींत प्रसार असलेल्यांना मात्र शस्त्रक्रियेचा लाभ झाल्याचे दिसले. पोटाच्या आतील आवरणावर, म्हणजे पेरिटोनियमवर, रोग पोचलेल्यांची स्थिती शस्त्रक्रियेने अधिकच बिघडली. हे उपगट लहान असल्याने त्यांचा कौल अंतिम मानता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा जो ‘स्क्वेमस’ प्रकार अधिक आढळतो, त्याबाबतची बातमी थोडी आश्वासक आहे. चारपर्यंत गाठी असलेल्या रुग्णांवर चीनमध्ये झालेल्या चाचणीत, औषधांच्या जोडीला रेडिएशनसारखे स्थानिक उपचार दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ६.४ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेला.

मग कुटुंबाने काय करावे? डॉक्टरांना चार प्रश्न शांतपणे विचारावेत. प्रसार नेमका कोठे व किती ठिकाणी आहे? पेरिटोनियम दुर्बिणीने, म्हणजे लॅप्रोस्कोपीने, तपासले काय? हर-टू, पीडी-एल१ व एमएसआय या तपासण्या झाल्या काय? कारण त्यांवरच नेमक्या औषधांची व इम्युनोथेरपीची निवड ठरते. आणि शल्यविशारद, औषधतज्ज्ञ व रेडिएशनतज्ज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय घेतला आहे काय?

एवढे विचारूनही ‘शस्त्रक्रिया नको’ असे उत्तर आले, तर ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा त्याचा अर्थ लावू नये. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सावरण्यात जो काळ रुग्णालयात जातो, तो रुग्णाला घरच्या माणसांत घालवता येणे, हाही उपचाराचाच भाग आहे. शेवटी रुग्णाला स्वतःला काय हवे, हे त्याला विचारल्याशिवाय कोणत्याही संमतिपत्रावर कुटुंबाने सही करू नये.