अर्थ, अनर्थ आणि उंबर



मागील महिन्यात कामरगावी गेलो होतो. आमच्या जुन्या घरामागे एक गोदाम आहे. पुतण्याने मला त्याच्या मागील भिंतीपाशी नेले. भिंतीच्या भेगेतून उंबराचे एक रोप वर आले होते. उंची दोन हातांहून थोडी अधिक, पाने कोवळी. मुळे मात्र विटांच्या सांध्यांत खोलवर शिरलेली.

“काका, पावसाळ्याआधी हे काढायला हवे, नाहीतर भिंत जाईल. मुळाशी अ‍ॅसिड ओतले की पुन्हा फुटत नाही म्हणतात. काय करू?”

व्यवहाराच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. मला मात्र उत्तर देता आले नाही. हे गोदाम ज्या जागेवर उभे आहे, तेथे १९८७ पर्यंत एक मोठा उंबर होता आणि तो तोडण्याचा निर्णय माझा होता.

वडिलांची आडत होती. मी बँकेत नवा अधिकारी, पदरी एम.कॉम.ची पदवी. सुटीत घरी आलो आणि गोदामाचा आराखडा मांडला. बांधकामाचा खर्च, कर्जाचे व्याज, मिळणारे भाडे, भांडवल किती वर्षांत परत येईल, सारे एका कागदावर उतरविले. त्या कागदात उंबराला एकच ओळ मिळाली होती : ‘लाकूडविक्री, जमा’. उंबराच्या लाकडाला भाव नसतो. त्यामुळे रक्कमही किरकोळ होती.

आई व्रतस्थ श्राविका होती. त्या झाडाचे एकही फळ घरात येत नसे. तिची हरकत नसेल असे मी गृहीत धरले होते. ती एवढेच म्हणाली, “फळ खात नाही म्हणून झाड आपले नाही, असे थोडेच आहे?” मी ऐकले नाही.

शेजारचे एक दत्तभक्त गृहस्थ दर गुरुवारी अंगणात येऊन त्या उंबराला प्रदक्षिणा घालीत. झाड पडल्यानंतरच्या गुरुवारीही ते आले. रिकाम्या जागेकडे पाहिले, आईने दिलेले पाणी प्याले आणि निघून गेले. पुन्हा ते आमच्या अंगणात आले नाहीत.

आपल्या कारंजा तालुक्यात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. लाड-कारंजा हे भट्टारकपीठांचे आणि प्राचीन हस्तलिखितांच्या भांडारांचे गाव; १९१८ साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाचेही. तेच श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तसंप्रदायात औदुंबर पूज्य. आपल्याकडे त्याचे फळ वर्ज्य. एकाच गावात, एकाच वृक्षाशी दोन प्रकारचे नाते. एक हात जोडतो, दुसरा हात आखडता घेतो. दोन्ही नात्यांनी झाड मात्र उभे राहते.

वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर या पाच उदुंबर फळांचा त्याग आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त सांगितला आहे. आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’तही ही फळे अभक्ष्य मानली आहेत. कारण दोन्हीकडे एकच : त्यांत त्रस जीव असतात. लहानपणी हे आम्ही केवळ आज्ञा म्हणून पाळले. त्याचा उलगडा मला या भेटीत झाला.

आमच्या पुतसूनबाई वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहेत. रस्त्याकडेला गळून फुटलेले एक उंबर त्यांनी भिंगाखाली दाखविले. आपण ज्याला फळ म्हणतो तो खरे तर फुलांचा बंद गुच्छ असतो. शेकडो सूक्ष्म फुले आतल्या बाजूस तोंड करून असतात. ‘उंबराचे फूल’ दुर्मीळ का, हे तेव्हा कळले. ते दुर्मीळ नाही, दडलेले आहे. गांधीलमाशीच्या गणातील, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची एक मादी टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख गळतात. ती फुलांपर्यंत पराग पोहोचविते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. तिच्या संततीतील नरांना पंख नसतात. ते माद्यांसाठी बाहेरची वाट कोरतात आणि बहुधा त्याच फळात संपतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात.

बाहेर पडलेल्या मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतील दुसरे फळ मिळाले पाहिजे. म्हणून परिसरात कोठे ना कोठे, बारमाही, उंबर फळावर असावा लागतो. यामुळेच इतर झाडे रिकामी असतानाही हरियल, बुलबुल, तांबट, खारी आणि वटवाघळे यांना अन्न मिळते. माझ्या १९८७ च्या कागदावर यांपैकी कोणाचेही खाते नव्हते.

झाडाला जीव आहे, हे आपल्याला नव्याने सांगावे लागत नाही. वनस्पतिकाय जीव एकेंद्रिय. स्पर्शनेंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य हे त्याचे चार प्राण. आचारांगाच्या पहिल्या अध्ययनात तर मनुष्यदेह आणि वनस्पतिदेह यांची तुलनाच आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगांनिशी दाखविले की, आघात झाला असता वनस्पतीही विद्युत प्रतिसाद देते. त्यावरून झाड आपल्यासारखे दुःख करते, असा निष्कर्ष मात्र आजचे विज्ञान काढीत नाही. बँकेतील सवयीने मी म्हणेन, व्हाउचर असेल तेवढेच जमा करावे. पण झाड स्पर्श जाणते, एवढे तरी दोन्ही खात्यांत जुळते.

सूनबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. युरोपात ख्रिस्ती धर्मापूर्वी ओक वृक्ष पवित्र मानला जाई. आज तेथील काही लोक ती जुनी निसर्गोपासना नव्याने आचरतात आणि स्वतःस ‘पेगन’ म्हणवितात. झाडापाशी शांत बसणे ही त्यांची साधना. त्यांतील कित्येकांना वनस्पतिशास्त्र त्या साधनेचेच अंग वाटते. मला यात परके काही वाटले नाही. आपल्या प्रत्येक तीर्थंकरांचा केवलवृक्ष सांगितलेला आहे. भगवान ऋषभदेवांचा वटवृक्ष, भगवान महावीरांचा शालवृक्ष. तथापि आपली वाट पूजेची नाही, संयमाची आहे.

गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा संपूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्र जाणते. म्हणूनच त्याला अनर्थदंडविरती हे व्रत दिले आहे. निष्प्रयोजन भूमी खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे हा त्यातील प्रमादाचर्येचा दोष. व्यापारी माणसाने प्रत्येक वेळी स्वतःस विचारावे, हे कार्य अर्थ आहे की अनर्थ? मंदिरातील षड्‌लेश्येच्या चित्रात जांभळाच्या झाडाखाली सहा जण उभे असतात. भूक सर्वांची सारखीच. पण एक मुळावर कुऱ्हाड उगारतो, तर सहावा खाली पडलेली फळे वेचतो.

माझे गोदाम मी ‘अर्थ’ या सदरात नोंदविले होते. माल आज गावातून थेट बाजार समितीत जातो. गोदाम गेली नऊ वर्षे रिकामे आहे. शिवाय तेव्हा अंगणाच्या दुसऱ्या बाजूस मोकळी जागा होती. गाडी वळवायला थोडी अडचण झाली असती, इतकेच. ती तोड अनर्थच होती, हे लिहायला मला इतकी वर्षे लागली. आई हे वाचायला आज नाही.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, म्हणून लिहितो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणारी आपली घरे दुकानाची पाटी झाकते म्हणून समोरचा कडुनिंब छाटतात. ताटातील पानाला जीव आहे आणि दारातील पानाला नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

पुतण्याला मी अ‍ॅसिड ओतू दिले नाही. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की गवंडी बोलावून भेगेभोवतीच्या विटा एकेक सोडवायच्या आणि रोप मुळांसह विहिरीजवळ लावायचे, असे ठरले आहे. गवंड्याची मजुरी मी देणार. या खटाटोपातही काही जीव दुखावतील. रोप जगेलच अशी खात्रीही नाही. पुतण्याने विचारले, “काका, एवढा खर्च कशासाठी?” मी म्हणालो, “जुनी बाकी आहे.”

आपल्याही दुकानापाशी, जिनिंगच्या आवारात, प्लॉटच्या कडेला एखादे झाड असेल. या चातुर्मासात त्याच्या खाली क्षणभर उभे राहावे आणि त्याच्यावर कोण कोण राहते ते पाहावे. कुऱ्हाडीचा निर्णय त्यानंतर करावा.

जय जिनेंद्र.