आठ दिवसांत फरक नाही, म्हणून गोळी बंद? थांबा, मेंदूत काय चाललंय ते बघा

‘आठ दिवस गोळ्या घेतल्या, काहीच फरक नाही, म्हणून सोडल्या.’ मानवत असो की मुंबई, नैराश्याच्या औषधांबद्दल हे सर्रास ऐकू येतं. मग घोडं अडतं कुठे?

औषध म्हणजे चावी आणि मेंदूतल्या पेशीवरचा सेरोटोनिन रिसेप्टर म्हणजे कुलूप, हे चित्र अर्धंच आहे. या कुलपाला आतल्या बाजूने जी प्रोटीन जोडलेलं असतं. ते जोडलेलं असेल तर रिसेप्टर चालू करणारं औषध घट्ट बसतं. ते सुटलं की पकड ढिली.

मानवत रोडवरून जाणारी रेल्वे सिकंदराबादला पोचते. त्याला लागूनच हैदराबाद. तिथल्या सीसीएमबीत अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने १९९९ मध्ये जनावरांच्या मेंदूतल्या ‘१ए’ रिसेप्टरवर हेच दाखवलं. गंमत म्हणजे, रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाच्या पकडीला जी प्रोटीन सुटल्याने काहीच फरक पडला नाही!

आता आपल्या गोळ्या. फ्लुऑक्सेटिनसारख्या एसएसआरआय गोळ्या मुख्यतः या कुलपावर बसतच नाहीत, त्या सेरोटोनिन परत शोषलं जाणं रोखतात. पण सेरोटोनिन वाढताच १ए रिसेप्टर ते सोडणाऱ्या पेशींनाच ब्रेक लावतात. काही आठवड्यांत त्यांचा जी प्रोटीनशी असलेला दुवा कमजोर होतो, ब्रेक सुटतो. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा मोफत नंबर आहे १४४१६. मराठीतही बोलता येतं.