जुनी चासी घ्यायला निघालात? टेप आणि ओळंबा बरोबर घ्या

दरवर्षी साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी गावोगावच्या जीप, पिकअप, बोलेरो गॅरेजच्या दारात जाऊन बसतात. पावसाळाभर चिखल खाऊन कुणाची चासी कुजलेली असते, कुणाचं वेल्डिंग सुटलेलं, कुणाची गाडी बांधावरून कलंडून तिरकी झालेली. नव्या चासीचा भाव ऐकून घाम फुटतो. मग कोणीतरी सांगतं, "कुर्ल्याला मिळंल की, निम्म्या पैशात." आणि आपण निघतो.

जुना माल घेण्यात कमीपणा काहीच नाही. दरवाजा, बॉनेट, सीट खुशाल घ्या. नाही बसलं तर फार तर पैसे जातील. पण गाडी ज्यावर उभी असते त्या सांगाड्याची गोष्ट निराळी. तिथं चुकलं तर मागं बसलेली बायामाणसं जातात.

दुकानदार म्हणणार, "सेम टू सेम आहे, डोळे झाकून न्या." डोळे झाकू नका. एमएम 540 आणि कमांडर दोन्ही महिंद्राच्याच जीप, पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सारखं नाही. बोलेरो 2000 साली आली, 2016 मध्ये तिच्या पॉवर प्लस मॉडेलला 1.5 लिटरचं इंजिन आलं. नाव तेच राहिलं म्हणून इंजिनाचे पाय त्याच भोकांवर बसतील असं धरून चालू नका. म्हणून निघायच्या आधी आपल्या गाडीचं मॉडेल, उत्पादनाचा महिना-वर्ष आरसीवरून लिहून घ्या. इंजिन-गिअरबॉक्सचे पाय, बॉडीचे बोल्ट, पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्सची जागा, सगळ्यांची मापं कागदावर घ्या. भोक जुळत नसेल तर "गॅसनं मोठं करून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून परत फिरा. नव्या गाड्यांच्या सांगाड्यात जास्त ताकदीचं पोलाद असतं. गॅसच्या आचेनं ते नरम पडतं आणि तिथंच पुढं चीर जाते.

मापं जुळली तरी चासी सरळ आहे का, हे वेगळं बघावं लागतं. गवंडी घराचा पाया आखताना कर्ण मोजतो ना, तेच इथं करायचं. चासी सपाट जागी चार ठोकळ्यांवर ठेवा. पुढच्या डाव्या हँगरच्या भोकातून आणि मागच्या उजव्या भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खूण करा, मग उलट बाजूनं तसंच. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. बोटभर फरक म्हणजे ती चासी कुठंतरी आदळलेली आहे. तिच्यावर गाडी कायम एका अंगाला ओढणार आणि टायर एकाच कडेनं खाणार. ताजं डांबर किंवा काळा रंग दिसला तर खरवडून बघा. पोकळ भागावर हातोडीनं ठोका. खणखणीत आवाज आला पाहिजे, भदभद आला तर आत गंज आहे.

ओम्नी, 800, अल्टो यांना वेगळी चासीच नसते, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. त्यांचा पुढचा भाग मधूनच कापून जोडतात, ते घातक आहे. कंपनीनं जिथं जोड दिला तिथूनच तो सोडवलेला हवा.

आता चासी नंबर. गाडी रीतसर मोडीत निघते तेव्हा नंबरचा तुकडा कापून घेतला जातो. म्हणून भंगारात नंबरासकट अख्खी चासी दिसली की पहिला प्रश्न विचारा, हिची आरसी कुठं आहे? नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर भाव विचारायच्या भानगडीतही पडू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हाच आहे. आणि माल चोख असला तरी चासी बदलायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी आधी लागते, मागून नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवली आहेत. शिवाय विम्याच्या कागदावर एक नंबर आणि गाडीवर दुसरा असला, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. मग भरपाईसाठी जमीन विकायची पाळी येते.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही एक सांगणं आहे. पंचायतीच्या घंटागाडीची, टँकरची दुरुस्ती निघाली की बिलावर नुसतं "चासी काम" लिहून पास करू नका. काय बदललं, कुठून आणलं, नंबर काय, हे लिहून घ्या. पोलीस पाटलांनी गावात नव्यानं उतरलेल्या सांगाड्यांवर नजर ठेवली तर कुणाला राग यायचं कारण नाही.

पैसे मोजायच्या आधी पक्की पावती मागा. तिच्यावर नंबर, गाडीचं मॉडेल आणि "न बसल्यास आठ दिवसांत परत" एवढं लिहून घ्या. दुकानदार लिहायला कां कूं करू लागला, तर एसटी परतीची असतेच.