कोटेशनमधले दोन जीबीचे कार्ड

जीटी ७१० अजूनही कोटेशनांवर दिसते, आणि ती कोटेशने आपल्याच धंद्यातले लोक लिहितात. गिऱ्हाईक विचारते, "ग्राफिक कार्ड किती जीबीचं?" आपण सांगतो, "दोन जीबीचं." दोघेही खूश. पण ७१०च्या बहुतेक कार्डांवर डीडीआर३ मेमरी असते, तीही ६४ बिटांच्या बसवर. सेकंदाला १४.४ जीबी, एवढीच तिची धाव. बोर्डावर डीडीआर४-३२००च्या दोन स्टिक लावल्या तर ५१.२ जीबी मिळतात. ते प्रोसेसरला आणि त्यातल्या ग्राफिक्सला वाटून घ्यावे लागतात हे खरे, तरी १२व्या पिढीच्या आय३मधले यूएचडी ७३० या कार्डाच्या पुढेच राहते. शिवाय ७१० ज्या केप्लर पिढीचे आहे, तिचे नियमित ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२१मध्येच थांबवले. म्हणजे गिऱ्हाईक वेगळे पैसे मोजून, प्रोसेसरबरोबर आपसूक आलेल्या ग्राफिक्सपेक्षा हळू वस्तू घरी नेते.

आतले ग्राफिक्स म्हणजे कुचकामीच, हा समज कुठून आला ते समजण्यासारखे आहे. १९९९च्या आय८१० चिपसेटपासून पुढची दहाएक वर्षे ग्राफिक्स बोर्डाच्या चिपसेटमध्ये असे, आणि ते खरोखरच रडतखडत चाले. २०११मध्ये सँडी ब्रिजने ते प्रोसेसरच्याच चिपवर आणले, एएमडीचे एपीयूही त्याच वर्षीचे. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसले तर त्याचा दोष नाही. आपल्याला ठाऊक असूनही आपण त्याच्या जुन्या भीतीवर कार्ड विकतो, हे मात्र बरे नव्हे.

खोक्यावरच्या नावावरही विसंबू नये. जीटी १०३० हे २०१७मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले, ४८ जीबी प्रतिसेकंद. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४चे कार्ड आले, त्याची धाव १६.८. आरटीएक्स ३०५०चेही तसेच. सहा जीबीच्या कार्डात आठ जीबीच्या कार्डापेक्षा नुसती मेमरी कमी नाही, बस १२८ची ९६ बिट झाली आहे आणि कोअरही घटले आहेत. तरी त्याची एक सोय मान्य करायला हवी: ७० वॅटमध्ये भागते, वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे जुन्या मशीनला बसवायला बरे. बिलावर मेमरीचा प्रकार लिहायची सवय लागली तर यातले निम्मे घोळ थांबतील.

टॅली, ऑफिस, दोन मितींतले ऑटोकॅड, डीटीपी यांसाठी कार्ड नको. ते पैसे रॅमच्या दुसऱ्या स्टिकमध्ये घालावेत. १६ जीबीची एकच स्टिक लावली की ५१.२चे २५.६ होतात, आणि ५६००जीसारख्या, ग्राफिक्ससाठीच घेतलेल्या प्रोसेसरचा जीव तिथेच जातो. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकल्यावर "आत्ता एक लावतो, दुसरी पुढे बघू" ही पळवाट वाढली आहे. ती दुसरी स्टिक पुढे क्वचितच लागते. उलट ल्युमियन वापरणारा आर्किटेक्ट, ब्लेंडरवर रेंडर करणारा, घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवू पाहणारा, यांना चांगले कार्ड हवेच. तिथे वाद नाही.

वाद आहे तो 'एफ' प्रोसेसरांवर. २०१९पासून इंटेल ग्राफिक्स बंद केलेले हे प्रोसेसर थोडे स्वस्तात देते. निव्वळ गेमिंगच्या मशीनला ते चालतात. तरी एखाद्या रविवारी "डिस्प्ले येत नाही" असा फोन येतो तेव्हा कार्ड गेले की बोर्ड, हे पाहायला दुसरे कार्ड पिशवीत घालून निघावे लागते. रायझन ७०००पासून एएमडीने ७५००एफसारखे अपवाद सोडता डेस्कटॉप प्रोसेसरांत छोटेसे ग्राफिक्स दिले. गेमसाठी ते निरुपयोगी आहे, पण असे फेरे वाचवते.

खरा फटका लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना बसतो. आजचे बरेच कॅमेरे एचईव्हीसी १० बिट ४:२:२ मध्ये शूट करतात. ही फाइल उलगडण्याची सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये ११व्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५मध्ये, ५० मालिकेबरोबर आली. मग १२४००एफ आणि आरटीएक्स ४०६० अशी जोडी स्टुडिओला दिली की काय होते? कार्ड महाग, आकडे भारी, आणि टाइमलाइनवर क्लिप अडखळते. सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो. ऐन लग्नसराईत तो माणूस प्रॉक्सी बनवत रात्र काढतो आणि "एवढं महागाचं मशीन घेऊनही" असे सगळीकडे सांगत सुटतो. तेच कार्ड आणि साधा १२४०० दिला असता तर उलगडण्याचे काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने केले असते, इफेक्ट आणि रंगांचे काम कार्डाने. अशा गिऱ्हाइकाला दोन्ही लागतात. 'एफ' घेऊन वाचवलेले पैसे त्याच्या एका रात्रीच्या मजुरीएवढेही नसतात.

फक्त देताना बायॉस उघडून पाहावे. बऱ्याच बोर्डांवर कार्ड बसवले की आतले ग्राफिक्स आपोआप बंद होते. मल्टी-मॉनिटरची सेटिंग हाताने चालू करावी लागते. ती चालू केल्यावर नवी भानगड उभी राहते. आता बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टलाही डिस्प्ले येतो. घरी गेल्यावर कोणी मॉनिटरची केबल तिथे खोचली तर पडदा नीट दिसतो, तक्रार येत नाही, आणि गेम महिनोन्‌महिने प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर रखडत चालू शकतो. 'एफ' असता तर पडदा काळाच राहिला असता आणि चूक लगेच कळली असती. बोर्डाच्या त्या पोर्टवर टेपचा तुकडा लावून मशीन पाठवावे.